लॉ फर्मच्या असेसमेंट सेंटरमधली केस स्टडी: तयारी कशी करायची

यूकेमधल्या लॉ फर्म्सच्या व्हेकेशन स्कीमला (सुट्टीतली छोटी इंटर्नशिप) नाहीतर ट्रेनिंग काँट्रॅक्टला (सॉलिसिटर होण्याआधीची प्रशिक्षणाची नोकरी) अप्लाय केलंय आणि असेसमेंट सेंटरचं, म्हणजे निवडीच्या चाचण्यांचं, बोलावणं आलंय, तर केस स्टडी असणार हे धरूनच चाला. हातात कागदांचा गठ्ठा देतात, त्यात पार्टनरचा (फर्मच्या वरिष्ठ वकिलाचा) ईमेल, कंपनीचे आकडे, काँट्रॅक्टमधली दोनचार कलमं, एखादी बातमी, आणि साधारण तासाभरात त्यावर मेमो लिहायचा किंवा पार्टनरसमोर बसून तोंडी सांगायचं. कायदा किती पाठ आहे ते इथे बघत नाहीत, लॉ न केलेली मुलंही हाच पेपर सोडवतात. एवढ्या पसाऱ्यातून क्लायंटच्या कामाचं काय ते उचलता येतं का आणि त्यावर ठाम सल्ला देता येतो का, हे बघतात.

बहुतेक केस स्टडी एका कंपनीने दुसरी विकत घेण्याच्या असतात, म्हणून शेअर परचेस आणि असेट परचेस यातला फरक पक्का करा. शेअर्स घेतले की कंपनी आहे तशी येते, तिची कर्जं, जुन्या केसेस, टॅक्सची भानगड सगळं सोबत. असेट्स, म्हणजे कंपनीची मशीनं, जागा, काँट्रॅक्ट वगैरे, घेतले तर हवं ते निवडून घेता येतं, पण प्रत्येक गोष्ट वेगळी ट्रान्सफर करावी लागते, काँट्रॅक्टसाठी बहुतेक वेळा समोरच्या पार्टीची संमती लागते, आणि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत निवड चालत नाही, धंदा चालू स्थितीत हातबदल होत असेल तर 2006 च्या ट्युपी नियमांमुळे (धंद्याचा मालक बदलताना कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारे यूकेचे नियम) ते आपल्या जुन्या अटींसकट नव्या मालकाकडे येतात. एवढं नीट समजलं तरी अर्धा गठ्ठा ओळखीचा वाटायला लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. तुमच्या क्लायंटला पॅकेजिंग बनवणारी एक कंपनी 2 कोटी पाउंडला घ्यायची आहे, तिची वर्षाची विक्री 1 कोटी, नफा 20 लाख. कागद चाळताना दिसतं की 40 टक्के विक्री एकाच गिऱ्हाइकाला होते, आणि पुढे कुठेतरी त्याच गिऱ्हाइकाच्या काँट्रॅक्टमध्ये चेंज ऑफ कंट्रोलचं कलम आहे, म्हणजे मालक बदलला तर त्याला काँट्रॅक्ट मोडता येतं. बरेच जण लिहितात, 'एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असणं ही रिस्क आहे' आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. तिथे थांबायचं नाही. दोन कागद जोडा: ही खरेदी झाली त्याच दिवशी 40 लाखांची विक्री जाऊ शकते, आणि किंमत तर नफ्याच्या दहापट लावलीय, म्हणजे क्लायंट जो नफा बघून पैसे मोजतोय तोच टिकेल की नाही सांगता येत नाही. मग उपाय सांगा: गिऱ्हाइकाची लेखी संमती आधी मिळवायची आणि ती मिळाल्याशिवाय डील पूर्ण होणार नाही अशी अट काँट्रॅक्टमध्ये घालायची, विक्रेता तयार नसेल तर किंमत कमी करायची किंवा काही रक्कम मागे ठेवून गिऱ्हाईक टिकलं तरच द्यायची.

हीच सवय प्रत्येक मुद्द्याला लावा, काय सापडलं, क्लायंटचं त्याने काय बिघडतं, आणि आपण काय करायचं. यातला तिसरा भाग बहुतेकांचा राहून जातो आणि माझ्या मते मार्क तिथेच आहेत.

उपाय सांगताना वॉरंटी आणि इंडेम्निटी यांची गल्लत करू नका. वॉरंटी म्हणजे विक्रेत्याने दिलेली हमी, की अमुक अमुक गोष्ट खरी आहे, ती खोटी निघाली तर नुकसानभरपाई मागता येते पण नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि विक्रेत्याने ती गोष्ट आधीच नीट उघड केली असेल तर सहसा क्लेम करता येत नाही. म्हणून जो प्रॉब्लेम आधीच दिसलाय, समजा प्रदूषणाची केस चालू आहे, त्यासाठी वॉरंटीचा फारसा उपयोग नाही, तिथे इंडेम्निटी मागायची, म्हणजे त्या ठरावीक गोष्टीचा खर्च आला तर विक्रेता पाउंडाला पाउंड भरून देईल.

सरावासाठी खऱ्या डील्स वाचा. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घ्यायचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर केलं, एप्रिल 2023 मध्ये यूकेच्या सीएमएने (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी संस्था) क्लाउड गेमिंगमधल्या (गेम इंटरनेटवरून थेट खेळणं) स्पर्धेच्या मुद्द्यावर ते अडवलं, मग क्लाउड स्ट्रीमिंगचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यायचं ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. अशी डील वाचताना स्वतःला विचारा, खरेदीदाराला हे कशाला हवं होतं, अडलं कुठे, सुटलं कसं, आणि उत्तर घड्याळ लावून एका पानात लिहा.

प्रत्यक्ष दिवशी आधी पार्टनरचा ईमेल दोनदा वाचा, आपण खरेदीदाराचे वकील की विक्रेत्याचे आणि नेमकं काय मागितलंय ते वर लिहून ठेवा, मगच बाकीचे कागद. सगळं शब्द न् शब्द वाचायला वेळ पुरत नाही आणि काही कागद मुद्दाम बिनकामाचे घातलेले असतात. लिहायला शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तरी ठेवा. मेमोच्या पहिल्याच ओळीत सल्ला द्या: घ्या, घेऊ नका, किंवा या या अटींवर घ्या. त्यानंतर मुद्दे महत्त्वाच्या क्रमाने, कागद ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नाही.

तोंडी असेल तर पार्टनर मुद्दाम उलटा प्रश्न टाकतात, 'पण क्लायंटला तर पुढच्या महिन्यात डील संपवायचीय, संमतीसाठी कोण थांबणार?' लगेच माघार घेऊ नका आणि हट्टालाही पेटू नका. दोन सेकंद थांबून बघा की यात नवीन माहिती आहे का. इथे आहे, वेळ कमी आहे, तर मग सांगा की अट काढता येईल पण त्या बदल्यात पैसे मागे ठेवायचा पर्याय जास्त जोरात मागावा लागेल, आणि ते क्लायंटला आजच फोन करून विचारायला हवं.