सूर्यास्ताला उमलणारा मोगऱ्याचा गजरा

मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, त्यामुळे गजऱ्याचं वेळापत्रक मावळतीपासून मागे मोजायचं. मे महिन्यात पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे कळ्या साडेचार-पाचला खुडायच्या आणि सहापर्यंत गजरा बांधून व्हायला हवा. उशीर झाला तर पाकळ्या सुटू लागतात आणि दोरा आवळताना चुरगळतात.

सकाळी धुणं वाळत घालायच्या आधी कुंडीला तळातून निथळेपर्यंत पाणी द्या, पण बुंध्याशीच. कळ्यांवर पाणी राहिलं तर त्यांवर तपकिरी डाग पडतात. मग फेरफटका मारून या. वाटेत बकुळीचं झाड असेल तर खाली पडलेली ताजी फुलं ओंजळभर वेचा. बकुळीला मधोमध भोक असतंच, त्यामुळे ती नुसती दोऱ्यात ओवता येते आणि सुकल्यावरही तिचा वास टिकतो.

खुडताना नीट बघा. फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या असतात आणि मधली आधी भरते. टपोरी, पांढरीशुभ्र झालेली तेवढीच घ्या, देठासकट. हिरवट कळी आज खुडली तर उमलत नाही. झाडावर ठेवली तर उद्या-परवा तीच कामी येते. सगळा घोस तोडणं म्हणजे पुढच्या दोन गजऱ्यांवर पाणी सोडणं.

वीतभर गजऱ्याला साठ-सत्तर कळ्या लागतात. दोरा सुती घ्या आणि ओला करा. नायलॉन देठ कापतो, कोरडा सुती दोरा सरकतो. केळीचं सोप, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीचा धागा, मिळालं तर सर्वांत उत्तम. दोऱ्याचं टोक डाव्या चिमटीत धरा. एक कळी डावीकडे, एक उजवीकडे, देठ मधे एकमेकांवर आडवे. देठांभोवती एक वेढा द्या, बोटावर फास करून तो देठांवरून घाला आणि ओढा. कळीच्या बुडाशी हात थांबला पाहिजे, त्यापुढे ओढलं की देठ तुटतो. पुढची जोडी आधीच्या गाठीला चिकटून, नाहीतर उमलल्यावर मधे दोरा दिसतो.

लगेच माळायचा नसेल तर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी शिंपडून ठेवू नका.

ज्या फांदीवरच्या तिन्ही कळ्या संपल्या, तिचं टोक दोन पेरं खाली छाटा. मोगरा नव्या फुटीवरच कळ्या धरतो.