घरात छोटं केसाळ कुत्रं आणायचंय? आधी केस बघा, तोंड नंतर

सध्या संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठंही जा, फ्लॅटमधी म्हणा रो-हाऊसमधी म्हणा शिह त्झू, ल्हासा, पॉमेरेनियन दिसायलेत, मधूनच एखादं माल्टीज नाहीतर टॉय पूडल पण दिसतं, आणि लेकरं हट्ट धरून बसलीत म्हणून लोक पिल्लाचा फोटो पाठवून विचारतात की घ्यावं का. फोटोवरून काहीच कळत नाही बघा. दोन महिन्यांचं कोणतंही पिल्लू कापसाच्या बोळ्यासारखंच दिसतं. पुढची बारा-चौदा वर्षं ते तुमच्या घरात राहणार, म्हणून तीन गोष्टी आधी घरात बसून ठरवा: रोज केस कोण विंचरणार, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला ते दुपारी कुठं बसणार, आणि अंघोळीचं पाणी कुठून येणार. याची उत्तरं आली की जात आपोआप ठरते.

आता केसांचं बघा, कारण विकणारा हे सांगत नाही. माल्टीज आणि यॉर्कशायर टेरियरच्या अंगावर एकच थर असतो, रेशमी, वाढतच जाणारा. पूडलचाही एकच थर पण कुरळा, आणि सुटलेला केस खाली न पडता त्या कुरळ्यातच अडकून राहतो, म्हणून सोफ्यावर केस दिसत नाहीत पण विंचरायचं राहिलं की आत जट धरायला लागते. शिह त्झू आणि ल्हासाला दोन थर, वरचा लांब वाढत जातो, आतला मऊ, आणि गुंता होतो तो या दोघांच्या मिलाफात. पॉमला, म्हणजे पॉमेरेनियनला, पण दोनच थर पण त्याचा वरचा केस ठरावीक लांबीला थांबतो आणि आतली लोकर गळत राहते, म्हणजे घरभर केस होणारच.

(केस गळत नाहीत म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही असं सांगून पूडल, माल्टीज विकतात. ते पूर्ण खरं नाही. अ‍ॅलर्जी लाळेतनं आणि कातडीच्या कोंड्यातनं पण होते, घरात कुणाला दमा असेल तर आधी तसं कुत्रं असलेल्या घरी दोन-चार वेळा जाऊन तास-तासभर बसून बघा.)

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते शिह त्झू की ल्हासा यावर. दोन्ही मूळ तिबेटकडचे, दिसायला भावाभावांसारखे, पण स्वभाव आणि तोंड वेगळं. शिह त्झू चार ते सात किलोचा, लाडका, कुणाच्याही मांडीवर बसणारा, पाहुण्यांच्या मागं मागं फिरणारा. पण त्याचं नाक चपटं आणि डोळे बाहेर आलेले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि नाक जितकं चपटं तितकं हे काम त्याला जड जातं. आपल्या एप्रिल-मेमधी हा काही बारीकसारीक मुद्दा नाही, जिवाचा प्रश्न आहे. शिवाय त्या मोठ्या डोळ्यांत धूळ जाते, केस टोचतात, आणि गावाकडं सोयाबीनची मळणी नाहीतर तुरीचं भुसकट उडायलंय अशा जागी तर लई त्रास. डोळा अर्धा मिटून धरला, सारखं पाणी यायलंय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही, बुबुळाला जखम झाली तर डोळा जाऊ शकतो.

ल्हासाचं तोंड शिह त्झूपेक्षा थोडं लांब, अंग काटक. तिबेटात मठांमधी आणि घरांमधी आतला राखणदार म्हणून त्याला पाळायचे, त्यामुळं अनोळखी माणूस दारात आला की भुंकणार, मनाला येईल तेच करणार, आणि लेकरांनी शेपटी ओढली की सहन करेलच असं नाही. पाच वर्षांच्या आतली लेकरं घरात असतील तर मी ल्हासा सुचवत नाही. पण लेकरं मोठी आहेत, घरात दिवसभर कुणीतरी आहे, कुलर आहे पण एसी नाही, अशा घराला या दोघांत माझं मत ल्हासालाच, केस बारीक कापून ठेवायच्या बोलीवर.

टॉय पूडल मला स्वतःला फार आवडतो, लई हुशार, सांगितलेलं दोन दिवसात शिकतो, तोंडही लांब असल्यानं श्वासाचा त्रास कमी. पण चार ते सहा आठवड्यांनी कटिंग लागणारच, त्यात सुटका नाही. तुमच्या गावात ग्रूमर, म्हणजे कुत्र्याचे केस कापणारा, नसेल आणि दर महिन्याला संभाजीनगर नाहीतर पुणं गाठणं जमणार नसेल तर घरी केस कापायची चांगली क्लिपर मशीन घेऊन शिकायची तयारी पाहिजे. माल्टीज तीन-चार किलोचा नाजूक जीव, पांढरा, डोळ्याखाली तपकिरी डाग पडतात, आपल्या लाल-काळ्या मातीत त्याला पांढरा ठेवणं म्हणजे रोजचं काम. यॉर्कीचं, म्हणजे यॉर्कशायर टेरियरचं, पण जवळपास तसंच, खाली उतरू न देता वरच्या मजल्यावर पाळणार असाल तरच.

पॉमबद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे आपल्याकडं पॉमेरेनियन म्हणून जे विकतात त्यातले बरेच इंडियन स्पिट्झ असतात. खरा पॉम दोन ते साडेतीन किलोचा, स्पिट्झ त्याच्या दुप्पट. स्पिट्झ वाईट अजिबात नाही, आपल्या हवेत पिढ्यानपिढ्या निघालेला आहे, फक्त पैसे कशाचे देताय ते कळू द्या. दुसरी गोष्ट, उन्हाळा आला म्हणून पॉम किंवा स्पिट्झला मशीन मारून भुंडा करू नका. ते केस परत नीट येतीलच असं नाही, काहींना कायमचे टकलाचे चट्टे राहतात, आणि कातडी थेट उन्हात येते. त्याची आतली मेलेली लोकर ब्रशनं काढा, तेवढ्यानंच हवा खेळते.

शिह त्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज यांचे केस मात्र उन्हाळ्यात बारीक करता येतात. बारीक म्हणजे साधारण एक सेंटीमीटर ठेवा. ग्रूमरला "४ नंबर फिनिश ब्लेड" म्हणा, हे मशीनचं पातं, ते साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास ठेवतं. १० नंबर दीड मिलिमीटरवर आणतं, ते अख्ख्या अंगावर नको. पण अंगभर जट झाली असेल तर ग्रूमरला जटेच्या खालून बारीक ब्लेडच घालावं लागतं, तेव्हा त्याच्यावर चिडू नका.

विंचरणं कसं करायचं ते नीट वाचा कारण इथंच सगळे चुकतात. वरवर ब्रश फिरवला की केस छान दिसतात आणि आत कातडीजवळ गाठी तशाच राहतात. एका हातानं केस वर धरायचे, खालची एक ओळ मोकळी सोडायची, ती कातडीपासून टोकापर्यंत स्लिकर ब्रशनं (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) हलक्या हातानं सोडवायची, मग पुढची ओळ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून फिरवून बघायचा, अडकला तर तिथं गाठ आहे. कानामागं, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, दाढीत आधी बघा. घरात आल्यावर हार्नेस (छातीवरून बांधायचा पट्टा) काढून ठेवा. गाठ कात्रीनं कापायला जाऊ नका, कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि चिरते. आणि अंघोळीच्या आधी विंचरा, ओली झालेली गाठ अजून घट्ट होते.

पाण्याचं. लातूरला २०१६ मधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण विसरलेलो नाही, आणि आजही कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकरच. लांब केसांच्या कुत्र्याच्या एका अंघोळीला दोन बादल्या सहज लागतात, बारीक कापलेल्याचं त्याच्या निम्म्यात भागतं. बारीक केसांना तीन-चार आठवड्यांनी अंघोळ पुरते. बोअरचं पाणी जड असेल तर शॅम्पू नीट निघत नाही, अंगाला खाज सुटते, म्हणून शॅम्पू पाण्यात पातळ करून लावा आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. माणसांचा शॅम्पू नको. मग कातडीपर्यंत कोरडं करा, पावसाळ्यात तर जास्तच, आत ओल राहिली की बुरशी धरते.

दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की कुसळं सुरू होतात. केसाळ पायाच्या बोटांत, कानात ती शिरतात आणि आत आत सरकत जातात, मग पू होतो. पंजाखालचे केस बारीक ठेवा आणि फिरून आल्यावर दर वेळी बोटं फाकवून बघा. गोचीड पण तिथंच लपतो, त्यातनं ताप येतो, कुत्रं खायचं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. गाई-म्हशीवर मारायचं गोचिडाचं औषध चार किलोच्या कुत्र्याला अंदाजानं लावू नका, वजन करून डॉक्टर देतील तेच. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं दाखवता येतं.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावरच फिरवा. जोरजोरात धापा, तोंडातनं चिकट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या असं काही दिसलं तर सावलीत घ्या, साधं पाणी केसांच्या आत कातडीपर्यंत पोहोचेल असं ओता, पंखा लावा आणि डॉक्टरकडं निघा.

घेताना पिल्लाची आई बघायला मागा, तिचे केस आणि नाक बघितलं की पिल्लू मोठेपणी कसं होणार ते कळतं. ल्हासा म्हणून बऱ्याचदा ल्हासा आणि स्पिट्झचं मिश्र पिल्लू हातात पडतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याची, नोंदणी लागते, तर वय, लसीचं कार्ड आणि नोंदणी तिन्ही विचारा. अगदी चिमुकलं म्हणून "टीकप" सांगून विकतात, पण तशी जात नाही, त्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यापासून रोज दोन मिनिटं मांडीवर घेऊन पंजे, कान, तोंड हाताळा आणि मऊ ब्रश फिरवा, गाठ नसली तरी. साधारण आठ ते बारा महिन्यांच्या मधी पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात आणि तेव्हा अचानक गुंता दुप्पट होतो, कितीतरी घरं तिथंच कंटाळतात. त्या दोन-तीन महिन्यांत दिवसातनं एकदा नीट विंचरा नाहीतर सरळ केस बारीक करून घ्या.