दोन मजली पंखाला तार कशी ताणायची, बांबूचं मॉडेल करून पाहा

पोरांच्या विज्ञान प्रदर्शनात जुन्या विमानाचा पंख दाखवायचा असंन तर लय खर्च नाही भाऊ, तीन तीन फुटाच्या दोन बांबूच्या कमच्या घ्या, एक वर एक खाली, मधात सहा इंचाच्या तीन काड्या उभ्या बांधा. दाबून पाहा, सगळं तिरपं लोळते.

आता बाइंडिंग वायर. प्रत्येक चौकटीत फुली मारायची. एक तार खालच्या मधल्या टोकापासून वरच्या बाहेरच्या टोकाला, ही फ्लाइंग वायर, हवेत पंख वर उचलला जाते तवा हीच ताण घेते. दुसरी उलटी, वरून खाली, ती लँडिंग वायर, जमिनीवर पंखाचं वजन तिच्यावर. दोन्ही लागतात कारण तार फक्त ओढते, ढकलत नाही. ऑक्टेव्ह शनूट या पूल बांधणाऱ्या अमेरिकन इंजिनिअरनं पुलाचीच ही पद्धत १८९६ च्या ग्लायडरले (बिनइंजिनाच्या विमानाले) लावली, मंग राइट बंधूंनी तेच उचललं.

ताण देताना घाई नको. तार दुहेरी घ्या, मधात खिळा घालून पिळा, बाजीची अदवान ओढतो तसं थोडं इकडं थोडं तिकडं (खऱ्या विमानात यालेच टर्नबकल असते). एकीकडंच पिळत बसले का चौकट वाकडी झालीच समजा, मी तीनदा केलीय. दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे पाहिजे. बोटानं तार छेडा, जोडीतल्या दोघींचा आवाज जवळपास एकच यावा. कमची वाकायले लागली तर सैल सोडा.