शेततळ्यात मोठा मासा हवा असेल तर माशांची संख्या कशी आवरावी

सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ किंवा सातारा जिल्ह्यातील माण-खटाव या भागांत शेततळे खोदले जाते ते डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग उन्हाळ्यात जगवण्यासाठी. मासे त्यात मागाहून येतात आणि बहुधा कोणताही हिशेब न करता येतात. माशांचे बीज स्वस्त मिळते म्हणून दोन-तीन हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते, वर्षभर अंदाजाने पेंड टाकली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर हाती लागतात ते दीड-दोनशे ग्रॅमचे, डोके मोठे आणि अंग बारीक असलेले मासे. मग दोष खाद्याला किंवा बीज देणाऱ्याला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा संख्येत असते.

एखाद्या तळ्याचे पाणी, त्यातले नैसर्गिक खाद्य आणि आपण वरून दिलेले खाद्य मिळून ठरावीक वजनाचाच मासा पोसू शकतात. समजा हे वजन ३०० किलो आहे. त्या तळ्यात ३०० मासे असतील तर प्रत्येकी एक किलोचे होतील, आणि १,००० असतील तर प्रत्येकी ३०० ग्रॅमवर अडकून राहतील. रोपे विरळ केल्याशिवाय कांदा पोसत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तरीही माशांच्या बाबतीत विरळणी करण्यास हात धजत नाही, कारण पाण्याखालची गर्दी डोळ्यांना दिसत नाही.

सुरुवात क्षेत्र मोजण्यापासून करावी. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचे पाण्याचे क्षेत्र काठोकाठ भरलेले असताना सुमारे नऊ गुंठे भरते. बाजू उतरत्या असल्यामुळे पातळी खाली गेली की हे क्षेत्र झपाट्याने कमी होते, आणि आपल्याकडे फेब्रुवारीनंतर बागेला पाणी सुरू झाले की ते होतेच. म्हणून संख्या भरलेल्या तळ्यावरून न ठरवता मार्च महिन्यात जेवढे पाणी उरते त्यावरून ठरवावी. मिश्र मत्स्यपालनात हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली, म्हणजे गुंठ्याला ५० ते १०० हे प्रमाण सर्रास सांगितले जाते; ते विक्रीयोग्य मासा लवकर काढण्यासाठी ठीक आहे. मोठा मासा हेच उद्दिष्ट असेल तर गुंठ्याला २५ च्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. मार्चमध्ये नऊ गुंठे पाणी उरणाऱ्या तळ्यासाठी ही संख्या २२५ होते; पाणी कमी उरत असेल तर त्या प्रमाणात कमी धरावी. त्यात कटला १००, रोहू ८० आणि मृगळ ४५ असे वाटप करावे. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे तिघांचे एकमेकांशी फारसे भांडण होत नाही. मात्र प्लास्टिकच्या अस्तरावर गाळ नसतो आणि तळाचे खाद्य तुटपुंजे असते, म्हणून मृगळ कमी ठेवलेला बरा. बोटुकली तीन-चार इंचांची घ्यावी, कारण लहान बीजाची मर खूप होते आणि मग तळ्यात नक्की किती मासे उरले हे कळेनासे होते. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, आतले आणि बाहेरचे पाणी हळूहळू मिसळून मगच बीज सोडावे.

या तिन्ही जातींचा एक मोठा फायदा आहे. त्या साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प (कटला, रोहू, मृगळ यांच्या गटातील) माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, त्यामुळेच आज आपल्याला बीज विकत मिळते आणि १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की जेवढे सोडले त्यापेक्षा जास्त मासे तळ्यात होणारच नाहीत. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र पाणवनस्पती मिळाली की तळ्यातच अंडी घालतो, म्हणून संख्या ताब्यात ठेवायची असेल तर तो टाळावा.

चिलापी: सगळा हिशेब बिघडवणारी पाहुणी

टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन (पाण्याची पाळी) आले की कालव्याच्या पाण्याबरोबर चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्ले तळ्यात शिरतात. कधी शेजारी प्रेमाने बादलीभर आणून सोडतो. त्याला प्रेमानेच नाही म्हणावे. ही मूळची आफ्रिकेतली मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी घालू लागते, मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण मोठे असते आणि वर्षभरात अनेक वेळा हेच घडते. तळे बोटभर चिलापीने भरून गेले की रोहू-कटल्यासाठी टाकलेली पेंड तिच्याच पोटात जाते, आणि गर्दीमुळे ती स्वतःही वाढत नाही.

उपाय तीन आहेत आणि ते याच क्रमाने करावेत. पहिला, पाणी आत येणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळीची दुहेरी पिशवी बांधावी आणि दर आवर्तनाला ती धुवावी. दुसरा, पाग (फेकजाळे) टाकून किंवा ओढजाळे लावून दर महिन्याला चिलापी काढावी; जाळ्यात आलेली एकही परत सोडू नये, मग ती कितीही लहान असो. अस्तर असलेल्या तळ्यात जाळ्याच्या शिशाच्या किंवा लोखंडी वजनांनी प्लास्टिक फाटते, तेथे वजनांवर कापड गुंडाळावे.

तिसरा उपाय मरळ माशाचा. अमेरिकेतल्या शेततळ्यांमध्ये बास हा शिकारी मासा आणि ब्लूगिल हे त्याचे खाद्य अशी जोडी असते. तिथे ब्लूगिल फार झाले तर ते खुरटतात, आणि उलट बास फार झाले तर खाद्य अपुरे पडून सगळे बास एकाच लहान मापावर थांबतात. म्हणून मोठा बास हवा असणारा मालक लहान बास मुद्दाम पकडून बाहेर काढतो. आपल्याकडे बास आणण्याचे काहीच कारण नाही, कारण तेच काम मरळ करतो आणि बाजारात जिवंत मरळाला रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो. मात्र मरळ आपल्या तोंडात मावेल असा कोणताही मासा गिळतो, त्यामुळे कार्पची बोटुकली दीडशे-दोनशे ग्रॅमची होईपर्यंत मरळ सोडू नये, आणि सोडताना तो कार्पपेक्षा बराच लहान असावा. नऊ गुंठ्यांना वीस-पंचवीस मरळ पुरेत. तो हवेत श्वास घेणारा मासा असल्याने पावसात काठावरून सरपटत निघून जातो. बांधावर दोन-अडीच फूट उंचीची जाळी उभारावी. थाई मागूर मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

मोजल्याशिवाय काढू नये

महिन्यातून एकदा, सकाळी, प्रत्येक जातीचे दहा-बारा मासे पकडून त्यांची लांबी आणि वजन वहीत लिहावे. केवळ वजन पाहून फसगत होते, कारण वाढ चालू असलेला सडपातळ मासा आणि उपाशी मासा काट्यावर सारखेच भरू शकतात. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणावे आणि सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागावे. ३० सेंटिमीटरचा रोहू ३२४ ग्रॅम भरला तर उत्तर १.२ येते, तेवढ्याच लांबीचा २७० ग्रॅम भरला तर १.० येते. आकडा कुठल्या तक्त्याशी ताडून पाहण्याची गरज नाही. आपल्याच तळ्यात, त्याच जातीत तो दोन महिने सलग घसरत असेल तर तळ्यात गर्दी झाली आहे, असे खुशाल समजावे. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असल्याने मासा कमी खातो आणि वाढ मंदावते, त्या काळातल्या घसरणीने घाबरू नये.

तळ्यात किती मासे आहेत याचाच पत्ता नसेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. चाळीस मासे पकडून प्रत्येकाच्या पोटाखालच्या एका पराचे टोक कात्रीने किंचित कापावे आणि मासे परत सोडावेत. आठ-दहा दिवसांनी तीस मासे पकडावेत. त्यांत खुणेचे सहा निघाले, तर ४० ला ३० ने गुणून ६ ने भागावे. तळ्यात सुमारे २०० मासे आहेत.

आकडा घसरू लागला की विरळणी करावी, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. जाळ्यात आलेला सर्वांत मोठा मासा विकला जातो आणि बारके परत सोडले जातात. मोठा मासा हवा असेल तर याच्या उलट करावे: त्याच वयाचे मागे पडलेले मासे घरच्या कालवणाला किंवा आठवडी बाजाराला न्यावेत आणि दमदार मासे तळ्यात ठेवावेत. पहिली विरळणी जानेवारीच्या अखेरीस, पाणी उतरण्याआधी करावी.

संख्या आवरली तरी पाणी सांभाळावे लागतेच. भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के खाद्य रोज द्यावे. शंभर किलो माशाला दोन किलो. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसावा इतका हिरवेपणा योग्य. तळवा मनगटाच्या आतच दिसेनासा झाला तर हिरवेपणा वाढवण्यासाठी शेण टाकत असल्यास ते थांबवावे. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायू कमी पडला आहे असे ओळखून खाद्य बंद करावे आणि मोटारीने तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडावे. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले तांबे माशांना विषारी असते, त्यामुळे पंप आणि पिंपे तळ्याच्या काठावर कधीही धुऊ नयेत. ओल्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कायम सोडून ठेवावेत आणि जाळे टाकायला एकट्याने उतरू नये.

मे महिन्यात तळे पूर्ण आटवता आले तर चिलापीचा प्रश्न मुळापासून सुटतो. मोठे मासे त्याआधी काढून घ्यावेत, तळ पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा आणि एकही डबके राहू देऊ नये, कारण ओंजळभर पाण्यातही तिची पिल्ले तग धरतात. पाणी सोडणे शक्य नसेल आणि थोडेच उरले असेल, तर हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे एक मीटर खोल पाण्याच्या गुंठ्याला २५ किलो या हिशेबाने मोहाची पेंड टाकावी; तिच्यातल्या सॅपोनिन या विषारी घटकामुळे मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा ओसरतो. त्यानंतर अस्तराची छिद्रे जोडून घ्यावीत आणि जूनचे पहिले पाणी येण्यापूर्वी पाइपच्या तोंडाला नवी जाळी बांधावी.