दम्याचा निळा पंप (इनहेलर) वारंवार लागतोय? मग हे करा

अशोक चौकाजवळच्या आमच्या मेडिकलवर यंत्रमागावरचे मामा येतात, म्हणतात, "ताई, निळा पंप द्या." मी आधी विचारते, मागचा कधी नेला होता? एका पंपात साधारण 200 फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि मोठ्या अटॅकचा धोका वाढलाय.

निळ्यातलं साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनळ्या चार-सहा तास मोकळ्या करतं. आतली सूज तशीच राहते. ती उतरते स्टेरॉइडच्या पंपाने. डॉक्टरांनी दिला असेल तर बरं वाटत असतानाही तो रोज घ्यायचा. "सवय लागते" ही भीती मनातून काढाच. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट फुफ्फुसात जातो.

आधी पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा. ओठांत घट्ट धरा, हळू श्वास ओढायला लागताच दाबा आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावलात तर औषध घशात कमी अडकतं. मी आग्रहच धरते. स्टेरॉइडनंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

मागावर कापसाची धूळ असतेच, मास्क लावा. बिडी बंद. निळा खिशात ठेवा, पण त्याने उतार पडेना, बोलताना धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.