बागेत डिस्क गोल्फ मांडायचाय? आधी पायवाटा बघा

बागेत डिस्क गोल्फ आणू या म्हटलं की समितीचा पहिला प्रश्न ठरलेला: "जागा कुठाय?" मी बैठकीत उत्तरच दिलं नाही. सगळ्यांना उठवलं आणि बागेच्या मागच्या उतारावर नेलं. दाट झाडं, खालीवर जमीन, चेंडूचा एकही खेळ तिथे धड होत नाही. या खेळाला नेमकी तशीच जागा लागते. सपाटीकरण नको, झाडतोड नको; झाडं हाच तर अडथळा. तबकडी फेकत फेकत टोपलीपर्यंत न्यायची, टोपलीवरच्या साखळ्या तिचा वेग खातात आणि ती आत पडते. 1975 साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स, म्हणजे या खेळाची आखलेली जागा, मांडला, तेव्हा तर नुसते खांब होते. साखळ्या नंतर आल्या.

नकाशा काढायची घाई करू नका. आधी सुट्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तिथे बसून माणसं कुठून चालतात ते बघा. मी हेच केलं नव्हतं. तिसरी टोपली लावली आणि चालायची वाट डाव्या हाताला राहिली. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली तबकडी वेग मंदावला की डावीकडे वळते. दुसऱ्याच दिवशी ती बुटाची नाडी बांधणाऱ्या एका आजोबांच्या पायाशी जाऊन पडली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "बाई, माझं आता झेल घ्यायचं वय नाही."

तेव्हा वाट शक्यतो उजवीकडे ठेवा, पण डावखुरेही येतात, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळीक हवीच. फेकणाऱ्याला तबकडी पडायची जागा दिसत नसेल, तर तिथे टोपली नकोच.

सुरुवातीला नऊ टोपल्या पुरे, प्रत्येकीसाठी फेकायचं अंतर 50 ते 70 मीटर. महिनाभर घडीच्या टोपल्यांवर खेळून बघा, मगच काँक्रीट ओता. आमचा तो ओसाड कोपरा आता संध्याकाळी जागा असतो. आजी आणि नात एकाच गटात खेळतात, कारण प्रत्येकीची लढत टोपलीशी, एकमेकींशी नाही.

एक खर्च मात्र आधीच करा: प्रत्येक टोपलीसाठी, तिचा खांब बसेल अशा नळ्या जमिनीत दोन ठिकाणी पुरून ठेवा. माणसांच्या पायांनी टोपलीभोवतीचं गवत जातं, माती दबते, झाडाची मुळं उघडी पडतात. तसं दिसलं की टोपली उपसायची, दुसऱ्या नळीत बसवायची. आमचे माळीकाका आता हे मला न विचारताच करतात.