खुबा बदलल्यानंतर घरी येताना: या चुका टाळा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी ती म्हणाली, "आता काही दुखतच नाही गं." ते खरंच होतं. झिजलेल्या सांध्याची जुनी कळ सांध्याबरोबरच गेली होती. पण त्या सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी जे स्नायू आणि सांध्याभोवतीचं जे आवरण उघडून पुन्हा शिवलेलं असतं, ते भरून यायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. "दुखत नाही म्हणजे बरं झालं" हा हिशोब या ऑपरेशनला लागू पडत नाही, आणि बहुतेक चुका त्याच हिशोबातून होतात.

पडलेली वस्तू उचलायला वाकणं

आईचा चष्मा खुर्चीजवळ पडला आणि ती बसल्या बसल्या वाकली. मी ओरडलेच. मागच्या बाजूने छेद घेतला असेल, तर मांडी आणि धड यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी झाला की नव्या सांध्याचा गोळा त्याच्या वाटीतून मागे निसटू शकतो. त्यातच पाय पायावर टाकला किंवा पाऊल आत वळवलं तर धोका आणखी वाढतो. पहिले तीन महिने हा धोका सर्वांत जास्त असतो.

हे नियम सगळ्यांना पाठ असतात. तरी नकळत वाकणं होतंच: पायाशी गेलेलं पांघरूण ओढताना, मोजे चढवताना, खोल सोफ्यातून उठताना. त्यामुळे माणसाला सारखं टोकण्यापेक्षा घर बदला. हातांची, गुडघ्यापेक्षा उंच बैठकीची खुर्ची आणा, कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवा, लांब दांड्याचा चिमटा हाताशी ठेवा. उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढे ठेवायचा आणि हातांवर जोर देऊन उठायचं. वळताना त्या पावलावर गिरकी घेऊ नका, छोटी छोटी पावलं टाकत वळा. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा.

पुढच्या बाजूने छेद घेतला असेल तर नियम वेगळे असतात. तिथे पाय फार मागे नेणं आणि पाऊल बाहेर वळवणं टाळायचं असतं. काही सर्जन फारसे निर्बंध घालतही नाहीत. म्हणून दुसऱ्या रुग्णाचे नियम उसने घेऊ नका. "माझा छेद कुठून घेतलाय?" हे घरी येण्याआधीच विचारून घ्या.

अचानक तीव्र कळ आली, पाय आखूड किंवा वळलेला दिसला आणि त्यावर भार देता आला नाही, तर तो ओढून बसवायला जाऊ नका. रुग्णवाहिका बोलवा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून तोवर काही खायला-प्यायलाही देऊ नका.

काठी चुकीच्या हातात

बहुतेकांना वाटतं, उजवा खुबा म्हणजे काठी उजव्या हातात. ती डाव्या हातात हवी. पाऊल टाकताना विरुद्ध बाजूची काठी भार वाटून घेते, त्यामुळे खुब्याच्या अशक्त स्नायूंवर ताण कमी येतो. काठी लवकर सोडली की धड एका बाजूला झुकवत चालायची सवय लागते, आणि ती मोडायला फार कष्ट पडतात. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

सूज पाहून अंथरूण धरणं

ही उलट दिशेची चूक. संध्याकाळी पाय सुजतो, घरचे घाबरतात आणि चालणं बंद होतं. ही सूज काही महिने येत-जात राहते. रात्री पाय वर ठेवून झोपलं की सकाळी ती उतरते. एकदाच लांब फेरी मारण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं चाला, आणि पडल्या पडल्या पावलं वर-खाली करत राहा. मात्र गुडघ्याखाली सतत उशी ठेवू नका, त्याने खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो.

रात्रभरातही न उतरणारी सूज, पोटरीत दुखणं किंवा ती गरम लागणं ही रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर तडक इस्पितळात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण महिनाभर असतात. छान चालता येतंय म्हणून त्या मध्येच थांबवू नका, आणि त्यांच्या जोडीला मनाने वेदनाशामकही घेऊ नका.

लिहून दिलेली वेदनाशामकं मात्र जरूर घ्या. ती टाळली की व्यायाम टळतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली गोळी सर्वांत उपयोगी पडते. काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, ते लाजून लपवू नका.

जखमेवर घरचे उपाय

तेल, मलम, पावडर काहीही लावू नका. जखम पाझरत राहिली, लाली पसरली किंवा ताप आला तर थेट सर्जनकडे जा. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तर मुळीच देऊ नका. त्याने खोलवरचा संसर्ग दबतो आणि नंतर तपासणीत जंतू सापडत नाहीत.

"पाय लांब झालाय!"

सुरुवातीला असं अनेकांना वाटतं. वर्षानुवर्षं आखडलेले स्नायू आणि तिरकं झालेलं कमरेचं हाड यामुळे तो भास होतो आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. मनानेच बुटात जाड तळ घालाल, तर तिरकेपणा तसाच राहील.

तीन महिन्यांनी व्यायाम सोडणं

चालता येऊ लागलं की व्यायाम सुटतो. आईचाही सुटला होता. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद मात्र वर्षभर सुधारत राहते. फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावर टेबल धरून ताठ उभं राहायचं, पाऊल समोर, गुडघा सरळ, आणि पाय सावकाश बाजूला उचलायचा. धड दुसरीकडे झुकलं तर पाय जास्त वर गेलाय. थोडा खाली घ्या आणि पुन्हा करा.